लाल हात

फेब्रुवारीत शाळेतल्या पोरांनी दोर लावून चर्चची घंटा उतरवली. खाली आदळली तेव्हा शेवटची वाजली.

रेडिओवरची बाई म्हणाली, आता या देशात देवाधर्माचं काही उरलं नाही. मग ती बटाट्याच्या लागवडीकडे वळली.

माझे काका पाद्री. त्यांची दाढी चौकात भादरली. घरी आले तर माझ्या लेकीने, लिरीने, त्यांना ओळखलं नाही.

नवा लोहमार्ग टाकायला मुलं कुदळी घेऊन गात गात गेली.

आमच्या कोर्चा गावच्या बाजारात कांद्याची सालं मागायची सोय उरली नाही. ईस्टरची अंडी त्यांनीच लाल करतात, हे विकणाऱ्यालाही ठाऊक.

मे दिनाच्या फलकांसाठी गल्लीतल्या बायकांना पांढरं कापड आणि रंगाची लाल भुकटी वाटली.

ईस्टर यंदा मे दिनाच्या आदल्याच दिवशी आला.

शनिवारी आम्ही गल्लीतल्या बायकांनी अंगणात हंडे चढवले आणि कापड रंगवता रंगवता कोपरापर्यंत लाल झालो. मला वाटलं, या हातांनी अंडी रंगवली तर कोणाला कळणार? चमचाभर भुकटी मी खिशात टाकली.

रविवारी सकाळी लिरीने आणि मी ईस्टरच्या रीतीप्रमाणे अंड्यावर अंडं आपटलं. तिचं फुटलं. हसलो, पण आवाज न करता. उरली टरफलं. ती जळत नाहीत, आणि कचऱ्याची बादली शाळेतली पोरं उपसून बघत. म्हणून चावून गिळायची. शेवटची मूठ तोंडात असताना दार वाजलं.

आंद्रोनिकी. गल्लीच्या समितीची प्रमुख. लिरी तिला लहानपणापासून मावशी म्हणायची, फेब्रुवारीपासून कॉम्रेड. लिरीला शिक्षिका व्हायचं होतं आणि तिच्या अर्जावर आंद्रोनिकीचं मत जाणार होतं. पाद्री काकांमुळे आधीच एक डाग होता. दुसरा लागला तर पोर जन्मभर बीट खुरपणार.

ती खुर्ची ओढून बसली. हवेचं बोलली, भाकरीच्या रांगेचं बोलली, उठायचं नाव नाही. मी मान हलवत राहिले. टरफलं हिरड्यांत रुतत होती.

"काय गं पोलिक्सेनी, देवाबरोबर तुझी जीभही गेली का?"

"आईची दाढ सुजलीय, कॉम्रेड," लिरी म्हणाली.

"बघू."

तिने माझी हनुवटी धरली. मी सगळं एकदम गिळलं. घसा सोलून निघाला, डोळ्यांतून पाणी आलं.

"दुखतंय खरं." मग तिने माझे हात हातात घेतले, पालथे केले. नखांच्या कडा बराच वेळ बघितल्या.

"फलकांचा रंग आहे," लिरी म्हणाली.

"मग कशाचा असणार? अख्ख्या गल्लीचे हात असेच आहेत." आंद्रोनिकीने स्वतःची बोटं पुढे केली. टोकं लालभडक. "माझेही. व्हिनेगरने घास, तरी जात नाही मेला."

जूनमध्ये अर्ज चांगल्या शेऱ्यासह पुढे गेला. शरदात लिरी एल्बासानला शिकायला गेली. नोव्हेंबरात मोठी परेड झाली; आंद्रोनिकी आणि मी एकाच फलकाच्या दोन काठ्या धरून चाललो. रोज भेटायचो. रंग कधीच गेला होता, तरी हातमोजे नसले की हात खिशात ठेवायचो, दोघीही.

त्या शनिवारी अंगणात हंड्यांपाशी आंद्रोनिकी आलीच नव्हती.