मेंढरं बसलेलं वावर

हर्सूलच्या तलावापाशी मोटारीतून उतरल्याउतरल्या सांडूनं मल्हारीच्या हातातली काठी काढून घेतली.

"ही माझ्याकडं राहू दे. अन् तू पुढं चाल."

मल्हारी पुढे झाला. धनगराच्या हातातून काठी गेली की हातांचं करायचं काय, हेच त्याला सुचेनासं होतं. त्यानं ते आधी घोंगडीखाली घेतले, मग पाठीमागे बांधले, मग तसेच सोडून दिले. मागून सांडूच्या वहाणा करकरत होत्या. सोयगाव सोडल्यापासून हेच चाललं होतं. मोटारीतही सांडू मुद्दाम त्याच्या मागच्या बाकावर बसला होता, आणि एवढ्या प्रवासात दोघांनी मिळून दहा शब्द खर्ची घातले नसतील.

ही जोडी काही त्यांनी आपण होऊन जमवलेली नव्हती. पोलीस ॲक्शनच्या आधीच्या उन्हाळ्यात दोघंही हद्दीपलीकडच्या, खानदेशातल्या एकाच छावणीसाठी चोरून काम करत. सांडू आणि त्याचा धाकटा भाऊ बन्सी पत्रकं आणि काडतुसं घेऊन निजामाच्या मुलखात शिरायचे. वाट कुठून मोकळी आहे, ते मल्हारीची मेंढरं सांगायची. उन्हाळ्यात खतासाठी शेतकरी धनगराला रिकाम्या वावरात मेंढरं बसवायला बोलावतातच, तेव्हा कुणाला वहीम यायचं कारण नव्हतं. मेंढरं बसलेली दिसतील त्या वावरातून जायचं, इतकी साधी खूण. छावणीचे प्रमुख तात्यासाहेब मोठे सावध गृहस्थ. एक सापडला तर त्याला दुसऱ्याचं नाव सांगता येऊ नये, म्हणून त्यांनी या दोघांना एकमेकांचं तोंडही दाखवलं नव्हतं.

एका रात्री बन्सी मेंढरं बघून वावरात शिरला आणि बांधापलीकडच्या रझाकारांच्या नाक्यावरून गोळ्या सुटल्या. सांडू वीस पावलं मागे होता, म्हणून वाचला.

कुणीतरी दगा दिला, यात कुणालाच शंका उरली नाही. निजामाचं राज्य गेलं, तात्यासाहेब शहरात पुढारी झाले आणि त्या वावराचा मालक, कारभारी नावाचा शेतकरी, फितुरीच्या आरोपाखाली हर्सूलच्या तुरुंगात येऊन पडला. त्याला अकरा महिने झाले होते. आज ओळख परेड होती. त्या रात्री काय घडलं ते सांडूला माहीत होतं, पण कारभाऱ्याला त्यानं कधी पाहिलं नव्हतं. चेहरा ठाऊक होता तो मल्हारीला. एकट्याच्या साक्षीनं काम भागेना, म्हणून तात्यासाहेबांनी दोघांना एकाच चिठ्ठीवर धाडलं होतं.

तुरुंगाची भिंत दिसायला लागली तसा सांडू एका लिंबाखाली थांबला. त्यानं फडकं सोडलं, भाकरी मोडली आणि अर्धी मल्हारीपुढे केली. वैर होतं, पण उपाशी माणसासमोर एकट्यानं खायची रीत नव्हती.

"मायनं दिली. लई थकली ती," सांडू म्हणाला. "रोज इचारती, माझ्या बन्सीला मौतीच्या तोंडात कोनी घातलं? मी म्हन्तो, नाव कळलं की सांगतो."

मल्हारीनं भाकरीचा तुकडा मोडला.

"कवा कवा वाटतं, माझंच नाव सांगावं. पुढं मी चालायचो नेहमी. त्या दिशी पायात काटा भरला व्हता, म्हनून त्याला म्हनलं, तू हो पुढं." सांडूनं काठीचं टोक मातीत रुतवलं. "तुझ्यावर बी माझा इस्वास नाय. मेंढरं तुझीच व्हती."

"व्हय," मल्हारी म्हणाला. "माझीच व्हती."

खरं काय ते त्या रात्रीपासून एकट्या मल्हारीला ठाऊक होतं. ठरलेलं वावर ओढ्याकाठचं होतं. तिथंच मेंढरं बसली होती. आदल्या दिवशी कारभारी आला आणि गयावया करायला लागला. माझं वावर मुरमाड, तीन सालं दाणा नाही, दोन रात्री बसव रे बाबा! मागोमाग त्याची बायको सरूबाई ऊन ऊन पिठलं-भाकरी घेऊन आली. सारा जन्म ज्याला लोकांनी आपल्या बांधावरून हुसकलं, त्याला कुणी हात जोडून बोलावतं आणि वर ताट वाढतं, तेव्हा नाही म्हणायला जीभ उचलत नाही. दोघं भाऊ तिसऱ्या दिवशी यायचे होते. तोवर हलवू परत, असं म्हणून मल्हारीनं मेंढरं उठवली. नाका कुठं आहे ते त्याला पक्कं माहीत होतं. भाऊ एक दिवस आधी आले.

पुढे तात्यासाहेबांनी विचारलं, "तिथं का बसवलीस?" मल्हारी म्हणाला, "कारभाऱ्यानं बोलावलं." यात एक अक्षर खोटं नव्हतं. बाकीचं त्यानं गिळलं, आणि त्या एका वाक्यावर लोकांनी फितुरीचा सगळा इमला चढवला. तो चढताना मल्हारी मान खाली घालून बघत राहिला. त्याची त्याला शरम वाटायची. बन्सीच्या मरणाची वाटायची, त्याहूनही जास्त.

तुरुंगाच्या आवारात आठ कैदी एका रांगेत उभे केले होते. तहसीलदार खुर्चीवर बसले होते. सांडूला दाराशी थांबवलं. फौजदारानं मल्हारीला समजावलं, "माणूस ओळखायचा आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा. बोलायचं काही नाही."

कारभारी पाचवा होता. गाल बसले होते, डोकं भादरलेलं होतं. मल्हारीला बघताच त्याचं तोंड उजळलं.

"मल्हारी! सरू भेटीला आली व्हती रे. म्हनली, तुझी मेंढरं बसली त्या वावरात औंदा ज्वारी डोक्याइतकी झाली."

"ए, गप!" फौजदार ओरडला.

कारभारी गप झाला, पण डोळ्यांतलं हसू तसंच राहिलं. आपण कशापायी आत आहोत हे त्या बिचाऱ्याला अजून नीट उमगलं नव्हतं. ज्यानं त्याला आत घातलं त्याचेच तो उपकार मानत होता.

मल्हारीनं हात उचलला. तो खांद्यापर्यंत गेला नाही. मल्हारी वळला, फौजदाराकडे नाही, तर दारातल्या सांडूकडे.

"सांडू, मेंढरं म्हंजे खूण, हे या मानसाला ठावंच नव्हतं. ठरलं वावर ओढ्याकाठचं व्हतं. मी हलवली. एका टायमाच्या जेवनापायी. तुमी तिसऱ्या दिशी येनार, म्हनून."

मग तो तहसीलदारांकडे वळला.

"फितुरी कोनीच केली नाय. चुकलो मी. अन् मंग गप बसलो."

"अकरा महिने?" तहसीलदारांनी विचारलं.



जबाब लिहून अंगठा उठेस्तोवर ऊन कललं. कागद वर जाईल, तीन-चार दिवसांत कारभारी सुटेल, असं फौजदार म्हणाला, आणि हाकलल्यासारखं मल्हारीला बाहेर घालवलं. मल्हारीची खात्री होती की सांडू निघून गेला असेल, नाहीतर टपून बसला असेल. पळायचं नाही, एवढं त्यानं ठरवलं होतं.

सांडू फाटकासमोर उभा होता. काठी दोन्ही हातांत आडवी धरलेली. मल्हारी त्याच्यापुढे जाऊन थांबला आणि त्यानं मान खाली घातली.

काठी त्याच्या छातीला टेकली. नुसती टेकली.

"घे."

मल्हारीनं ती धरली.

"मायला मी सांगनार नाय. तू सांग."

"व्हय."

"समदं. जेवनाचं बी."

"व्हय."

सांडू वळला आणि मोटारीच्या रस्त्याला लागला. या खेपेला तो पुढे होता. मल्हारीकडे त्याची पाठ होती, आणि मागे वळून त्यानं एकदाही पाहिलं नाही. मल्हारी जागीच उभा राहिला. मग काठी खांद्यावर टाकून, वीस पावलं अंतर ठेवून, तो त्याच्या मागे चालू लागला.