बिनवासाचं औषध

भेंडीत अळी पडली आणि नेमका त्याच आठवड्यात पंढरीचा पाय विहिरीच्या पायरीवर मुरगळला. म्हणून औषध आणायला मुरबाडला त्याची बायको लहानी निघाली. शेतात राबणारी ती, तोडणी तिची. पण औषधाच्या दुकानाची पायरी ती आज पहिल्यांदाच चढत होती. जीपमध्ये बसल्यापासून तिचं काळीज नुसतं नाचत होतं.

दुकानात त्यांच्याच पाड्यावरचा जैतू उभा होता. त्याने एका बाटलीचं झाकण उघडलं, नाकाशी नेलं आणि खूश होऊन मान हलवली.

"हां! नाकात झोंबलं म्हंजे अळी मेलीच समजायची."

दुकानदार संदेशने काही न विचारता तसलीच बाटली लहानीपुढे ठेवली. "पंढरीदादाचं नेहमीचं, वहिनी."

तो वास लहानीच्या ओळखीचा होता. हे मारल्यावर तोडणीला गेलं की तिचं डोकं ठणकायचं. मागल्या खेपेला तिची जाऊ बाईजा बांधावर बसून ओकली होती.

"संदेशदादा, वास नसलेलं काय हाय का?"

"आहे की." त्याने मागच्या फळीवरून एक डबा काढून पुसला. "पण कोणी नेत नाही. याने अळी आधी खायची थांबते, मग मरते. लोकांना दुसऱ्या दिवशी मेलेली दिसायला हवी."

जैतू खो खो हसला. "वास नाय तं औषध कसलं, गो? पाणी फवारशील!"

लहानीचे कान तापले. तिने डबा उलटसुलट केला. "तारीख बरी हाय ना? मारल्यावर किती थांबायचं तोडायला?" सगळं नीट विचारून घेतलं आणि म्हणाली, "द्या हेच."

घरी पंढरीने डबा हुंगला आणि कपाळाला हात लावला. "पाणी आणायला मुरबाडला गेली व्हतीस?"

"अर्ध्या शेतात मारू. अर्ध्यात तुमचं मारा."

घरात जुनी बाटली थोडी उरली होती. पंढरीच्या वाट्याच्या ओळी जैतूने फवारल्या. ओढ्याकडच्या ओळींसाठी लहानीने तोंडाला फडकं बांधलं आणि स्वतः पंप पाठीवर घेतला. पट्टे खांद्यात रुतत होते, पण नळीतून फवारा सुटला तशी ती हसायलाच लागली.

सकाळी निम्मा पाडा बांधावर जमला. जैतूच्या ओळींत अळ्या मरून पडल्या होत्या. लहानीच्या ओळींत त्या भेंडीवर जिवंत दिसत होत्या.

"बघा, पाणी!" जैतू ओरडला.

लहानी खाली बसली. एक अळी तिने काडीने ढोसली. ती जेमतेम हलली. आणखी एक तशीच सुस्त. लहानी ओळीतून धावत सुटली, वाकून कोवळ्या भेंड्या बघत. एकीलाही नवं भोक नव्हतं!

"खात नाय! अवो, खायची थांबलीय!"

पंढरी काठी टेकत आला. त्यानेही दोन-चार भेंड्या उलटून बघितल्या. पुढच्या दोन-तीन दिवसांत त्या अळ्या काळ्या पडून गळाल्या. अळी दोन्हीकडची गेली होती; जैतूचं म्हणणंही खोटं नव्हतं. पण तोडणीच्या दिवशी दोन्हीकडून फिरून आलेली बाईजा ओढ्याकडेच थांबली आणि मोठ्यांदा म्हणाली, "इथं डोकं दुखत नाय गो माझं! मी पुढं याच ओळी तोडणार."

बाकीच्या बायाही तिकडे वळल्या. रिकाम्या ओळींकडे बघत पंढरी म्हणाला, "पुढल्या टायमाला सगळीकडं तेच मारू."

आठवड्याने लहानी पुन्हा मुरबाडला गेली, तर संदेश हात जोडून हसला. "वहिनी, काय केलंत हे? माणसं झाकण उघडून हुंगतात आणि वास आला की परत ठेवतात! माव्याचे बारीक किडे पडलेलासुद्धा हे अळीचंच औषध मागतोय."

"मग तुमी देता?" लहानी चमकली.

"मागतात तर काय करू?"

"काय पडलंय ते आधी विचारा की!"

दारात जीप थांबली. बाईजा आणि आणखी तिघी उतरल्या, एकमेकींना ढकलत, हसत. बाईजाने काउंटरवर एक मुरडलेलं भेंडीचं पान ठेवलं. पानाखाली बारीक हिरवे किडे चिकटले होते.

"दादा, ह्याच्यावर काय?"

"दाखवा त्यांना," लहानी म्हणाली, "आणि नाक लावू नका गो कोणी!"