साऱ्या शिवारातल्या चिमण्या

लागोपाठ दोन वर्षं ऐन सुगीत वादळी पाऊस आला आणि उभी बाजरी चिखलात गेली. म्हणून कडेगावजवळच्या नूरजहांनं यंदा हळवी बाजरी पेरली. इतरांच्या बाजरीत दाणा भरायच्या आत ही कापणीला येते.

शेजारच्या रानातले भाऊसो बांधावर येऊन म्हणाले, "वैनी, लय बुटकी हाय ही. माझ्या रानात माणूस शिरलं तर दिसत न्हाई."

"माणूस कशाला लपवायचाय? पाऊस यायच्या आदी दाणा घरात आला म्हंजे झालं."

बाजरी लवकर भरली. पण शिवारात दाणा तेवढा तिच्याच रानात, त्यामुळं साऱ्या शिवारातल्या चिमण्याही तिथंच.

नूरजहांचा नवरा इमाम बँडमध्ये ताशा वाजवायचा. पावसाळ्यात लग्नं नसल्यानं तो घरीच होता. तिनं ताशा त्याच्या गळ्यात अडकवून त्याला रानातल्या राखणीच्या माळ्यावर चढवलं. चिमण्या भुर्र उडाल्या. रस्त्यावरची माणसं गाड्या थांबवून लग्न कुणाचं म्हणून विचारू लागली.

दुपारपर्यंत चिमण्यांना सवय झाली. इमाम जीव तोडून वाजवत होता आणि त्या कणसांवर बसून निवांत दाणे टिपत होत्या. घाम पुसायला तो थांबला, तसा सारा थवा दचकून उडाला.

"अगं, माझ्या वाजवण्याला भीत न्हाईत, थांबण्याला भित्यात," इमाम जरा दुखावून म्हणाला.

"आवं, मग मधनंमधनं थांबत जावा की."

असं वाजवत, थांबत त्यानं रान राखलं. बाजरी खुडून, मळून घरात आली.

पुढं इतरांची बाजरी कापणीला आली, तोच वारं सुटलं आणि रात्रभर पाऊस कोसळला. सकाळी भाऊसोंची उंच बाजरी पार आडवी झालेली. भाऊसो बांधावर बसून होते. नूरजहांला वाटलं होतं, आपल्याला हसू येईल. ते काही आलं नाही. ती विळा घेऊन त्यांच्या रानात उतरली, मागोमाग इमामही. भाऊसो आणि त्यांची बायको दगडाबाई यांच्याबरोबर त्यांनी बरी कणसं कापली आणि आपल्या पत्र्याच्या शेडात पसरली. निम्मी बाजरी वाचली.

भाकरी खाताना भाऊसोंनी हळूच विचारलं, "वैनी, बियाणं मिळंल का?"

"सगळ्या गावाला देईन. समद्यांनी संगं पेरली तर चिमण्या वाटून जात्याल. ताशा बडवून ह्यांचं हात सुजलं हुतं."

दगडाबाईनं लगेच बियाण्यासाठी पदर पुढं केला.