शेजारच्या मुलाची शिफारस

मद्रासहून आलेले ते पत्र नरसिंहरावांना रोज आठवे आणि रोज ते उत्तर लिहायचे टाळीत. शेजारच्या व्यंकटेशने डेहराडूनच्या लष्करी अकॅडमीसाठी अर्ज केला होता आणि आपल्याला ओळखणारे गृहस्थ म्हणून त्यांचे नाव दिले होते. मुलगा कसा आहे, एवढेच निवड-कचेरीने विचारले होते. अभिप्राय गेल्याशिवाय अर्ज पुढे सरकणार नव्हता.

अडचण अशी, की त्यांचा मुलगा कृष्णराव यानेही तिथेच अर्ज केला होता.

नरसिंहराव कुंभकोणमच्या शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले. आपले पूर्वज शिवाजीमहाराजांचे भाऊ एकोजीराजे यांच्या फौजेबरोबर या मुलखात आले, हे ते वर्गात अभिमानाने सांगत; स्वतः मात्र बाजारात भाव विचारतानाही अडखळत. शिपाईगिरी पुन्हा यायची तर ती आपल्याच घरात यावी, असे त्यांना फार वाटे. आणि रोज पहाटे ओट्यासमोरून धावत जाई तो व्यंकटेश!

"आज पुन्हा साक्कोट्टै गावापर्यंत जाऊन आला," कॉफीचा घोट घेत ते म्हणाले. "लोकांनी बघावं म्हणून सगळं."

"एवढ्या पहाटे बघायला तुम्हीच तर असता," पत्नी पंकजाबाई म्हणाल्या. "आपला कृष्णा कुठं आहे?"

"झोपलाय. काल उशिरापर्यंत अभ्यास केला त्यानं."

"कॉफी क्लबात कसला अभ्यास होतो?"

तेवढ्यात घाम पुसत व्यंकटेशच ओट्याशी आला. "मामा, तुमचा अभिप्राय पोचला नाही असं मद्रासहून कळवलंय. तुम्ही तर लगेच लिहिलं असणार. टपालात गहाळ झाला असेल का?"

"टपालाचं काही सांगता येत नाही बाबा," नरसिंहराव जमिनीकडे बघत पुटपुटले.

तो गेल्यावर पंकजाबाई शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही लिहिलंच नाही. ते पत्र तुमच्या पुस्तकाखाली पडलंय. झाडताना रोज बघते मी."

"मला त्याच्याविषयी काय ठाऊक? काय लिहू?"

"तुम्हाला ठाऊक नाही? वर्षभर तुम्ही दुसरं बोलता काय? कावेरीला पूर आला तेव्हा मित्रांनी भित्रा म्हटलं तरी तो पाण्यात उतरला नाही. तुम्हीही भित्राच म्हणालात. त्याचा सोबती नटराज धावताना मागं पडला की हा त्याच्यासाठी परत वळतो. तुम्ही म्हणालात, नाटकी आहे. इंग्रजी अडलं की लहान पोरांनाही विचारतो. तुम्ही म्हणालात, लाज नाही त्याला. गावात त्याला तुमच्याइतकं कुणी पाहिलेलं नाही. त्याच्या आईनंसुद्धा नाही. जे कुरकुरत सांगितलंत, तेच लिहा."

"आणि आपल्या कृष्णाचं काय?"

"तुम्ही गप्प बसलात म्हणून कृष्णा उद्या पहाटे उठणार आहे का? उलट एवढंच शिकेल, की दुसऱ्याची वाट अडवली की आपली मोकळी होते. असल्या माणसाच्या हाताखाली कोण लढेल?"

नरसिंहरावांच्या हातातली कॉफी निवून गेली. ज्या गुणांमुळे त्यांचा जळफळाट होत होता, तेच तर अकॅडमीला हवे होते! आणि ते दाबून ठेवणारा माणूस आयुष्यभर मुलांना पराक्रम शिकवीत आला होता.

त्यांनी पंकजाबाईंनी सांगितलेले सगळे लिहिले. व्यंकटेश तापट आहे, हेही लिहिले. मग थोडे थांबून पुढे लिहिले: 'माझ्या मुलानेही अर्ज केला आहे. ही जागा त्याला मिळावी, अशी माझी इच्छा होती. तरीही वरील प्रत्येक शब्द खरा आहे. विलंबाचा दोष माझा आहे, व्यंकटेशचा नाही.'

वाचकहो, मत्सर नेहमी निंदाच करतो असे नाही. पुष्कळदा तो नुसता गप्प बसतो, आणि तेवढ्यानेही एखाद्या तरुणाचे दार बंद होते. दुसऱ्याचा गुण दिसला, तर तो वेळेवर आणि मोकळेपणी सांगणे, हे आपल्या प्रत्येकाचे कर्तव्य आहे.

टपालकचेरीकडे निघताना त्यांनी कृष्णरावाला उठवून बरोबर घेतले आणि वाटेत सगळे सांगितले. टपालपेटीपाशी येताच तो थांबला. मग म्हणाला, "अप्पा, माझ्याविषयी व्यंकटेशला कुणी विचारलं, तर तो काय लिहील?"

"आज? आज फार काही लिहिता येणार नाही," नरसिंहराव म्हणाले आणि त्यांनी पाकीट पेटीत टाकले.