हळदीच्या पाण्यातली नजर

सक्करदऱ्याच्या त्या मंगल कार्यालयात लग्नापेक्षा जास्त गर्दी होती आणि पंगत नव्हती, म्हणजे श्रद्धा खरीच असणार. स्टेजवर हळदीबाबा. पुढे पांढऱ्या वाडग्यात हळदीचं पाणी. हात बुडवायचा, पाणी पिवळं राहिलं तर मन साफ, लाल झालं तर तुमच्या नजरेनं कुणाचं तरी घर बसलं. माझ्यासमोर एका सुनेच्या हाताखाली पाणी लाल झालं. सासू धन्य झाली. हॉलभर हात जोडले गेले, त्यात माझेही होते.

मी रुपराव. नरखेड तालुक्यातला दहावी नापास संत्रेवाला. वाचनालयातली पुस्तकं वाचून गावोगाव 'भूतबित काही नसते' म्हणत भाषणं ठोकणारा. मग आमच्या बगिच्यातून मोठा रस्ता गेला आणि मोबदला खात्यात पडला. भूत नसते म्हणणाऱ्याला तेव्हापासून प्रत्येक पाहुण्यात भूत दिसायला लागलं. चुलतभाऊ चहाला आला तरी त्याचे डोळे कपापेक्षा नव्या फरशीवर जास्त, असं वाटायचं. मित्रांचे फोन उचलणं बंद केलं. नवी गाडी फाटकाला घासली. मला गाडी चालवता येत नव्हती, हे साधं कारण होतं. पण पैसेवाल्याला साधी कारणं पटत नाहीत.

"नजर रक्ताची हाय, बेटा," बाबा पहिल्या भेटीतच म्हणाले होते. "दौलतीचा दुश्मन बाहेरून येत नाही. राखी घेऊन येते."

वडील गेल्यावर थोरल्या शोभाताईनं बगिच्यावरचा हक्क सोडून दिला होता. आपल्याकडे बहिणी सोडतात तसा. माहेर राहावं म्हणून. आता त्याच बगिच्याचा सगळा पैसा माझ्याकडे, आणि तिनं एक शब्द काढला नव्हता. मागितलं असतं तर भांडता आलं असतं. न मागणाऱ्या बहिणीचं काय करायचं?

बाबाकडे उपाय होता. तिला दरबारात आणायचं. पाणी लाल झालं तर नातं तोडायचं आणि पैसा शुद्ध करायला बाबाच्या ओटीत टाकायचा.

देवदर्शन म्हणून त्या दिवशी मी ताईला घेऊन आलो होतो. येताना तिनं रस्त्याच्या कडेला वाचलेल्या आमच्या एका झाडाची संत्री पिशवीत आणली होती. "आंबट हायेत," म्हणाली, "पण आपल्या बाबांनी लावलेल्या झाडाची हायेत."

चेल्यानं तिच्या तळहातावर अंगारा ठेवला. "चोळा, माय." तिनं चोळला, हात बुडवला. पाणी लाल.

"पाहा," बाबा म्हणाले. "सख्खी बहीण."

ताईनं माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे मी तुह्या वाईटावर हाय, रुपराव?"

मी वाडग्यातल्या लाल पाण्याकडे बोट दाखवलं.

"आता भावाचा हात," बाबा म्हणाले. "पाणी पिवळं राहील, मंग पैशाचा संकल्प."

नवं पाणी आलं. मीही अंगारा चोळून हात बुडवला. पाणी लाल झालं. ताईच्यापेक्षा गडद.

बाबा क्षणभरच अडखळले. "बहिणीची नजर भावाच्या हातात उतरली. पहिल्यांदाच पाहून राहिलो असा जालिम केस."

ताई मात्र माझ्या हाताकडे पाहत होती.

"आता बाहेर बसून तंबाखू घोटला काय गा तू?"

"घोटला. टेन्शन होतं."

"चुना लावून?"

"चुन्याशिवाय कोण..." मी तिथंच थांबलो.

"आमच्या गावच्या शाळेत तूच दाखवलं होतं नं हे? हळदीच्या पाण्यात चुना टाकला, लाल. पोट्टे टाळ्या पिटून राहिले होते. चहा मीच देला होता तुले. मंग लिंबू पिळलं होतं, पाणी पुन्हा पिवळं."

हो, माझाच प्रयोग. पहिल्या दिवसापासून ते पाणी मला ओळखीचं वाटत होतं. ओळखायची इच्छा नव्हती, इतकंच. बहिणीला वाटा द्यायच्या ऐवजी तिच्यात चेटकीण सापडली, तर कोणाला नको आहे?

मी पिशवीतलं संत्रं सोललं आणि पाण्यात पिळलं. एक, दोन, आणखी एक. पाणी पिवळं झालं. मग चेल्याचं ताट ओढलं. त्यात दोन वाट्या. एकीतला अंगारा नव्या पाण्यात टाकला, काही नाही. दुसरीतला टाकला, लाल. त्यात चुना कालवला होता. कोणाला कोणत्या वाटीतला द्यायचा, एवढीच बाबाची दिव्यदृष्टी.

मघाची सून पुढे आली. "मले याच वाटीतला देला होता," ती सासूकडे न पाहता म्हणाली. बाबा तोवर आचाऱ्यांच्या दारानं पसार झाले होते.

बाहेर मी म्हणालो, "ताई, अर्धे तुझे. उद्याच बँकेत जाऊ."

"जाऊ. मी आता नाही म्हणणार नाही," ती म्हणाली. "पण तू गाडी नको चालवू. आटो कर."

दुसऱ्या दिवशी आम्ही आटोनंच बँकेत गेलो.

लोकहो, पाणी लाल झालं की आधी हाताला काय लागलंय ते विचारा. आणि पैसा आल्यावर सख्खं माणूस वैरी दिसायला लागलं, तर बाबाकडे जाऊ नका; त्या माणसाचं आपण काय दाबून ठेवलंय ते बघा. आमच्या घराला नजर लागली होती, हे खोटं नाही. ती माझी होती. ताईच्या वाट्यावर.