बिननावाची चिठ्ठी

श्रद्धा आणि लैंगिकता या विषयावर चर्चच्या मंडळीतल्या तरुणांशी बोलायचं ठरलं, आणि पाळकसाहेबांना नेमका त्याच रविवारी ताप आला. आता याला योगायोग म्हणायचं असेल तर म्हणा. काम येऊन पडलं लतिकाबाई साळव्यांच्या गळ्यात. बाईंनी पहाडगंजच्या मराठी शाळेत तीस वर्षं शिकवलं होतं, आणि दिल्लीतल्या मूठभर मराठी ख्रिस्ती घरांत त्यांचा शब्द खाली पडत नसे.

साल २००३. दुपारची बैठक गुडगावात, उन्मेषच्या नव्या कोऱ्या फ्लॅटमध्ये. उन्मेष पुण्याहून नोकरीसाठी आलेला, तरुण संघाचा सेक्रेटरी. सतरंजीवर सात मुलंमुली बसली होती.

बाईंनी नियम सांगितला. ज्याने त्याने आपला प्रश्न नाव न घालता चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचा. त्या मोठ्यानं वाचून उत्तर देतील. "आणि मराठीतच लिहायचं हं. एरवी विसरताच आहात." हौसेला मोल नसतं म्हणतात, पण इथे हौसेनंच घात केला.

पहिली चिठ्ठी निघाली, 'लग्नाच्या पहले किस केला तो पाप आहे का?' दुसरी, 'बॉयफ्रेंड हिंदू असेल तर चलेल का?' मुलं खुदुखुदु हसली. बाई वचनं सांगत, दटावत, मधूनच स्वतःही हसत पुढे गेल्या.

पाचवी चिठ्ठी उघडली आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. 'मला एक मुलगी आवडते. हे काढून घे म्हणून मी सहा वर्षं रोज प्रार्थना करते. देवानं काढलं नाही. त्यानं ऐकलं नाही, की ऐकूनच राहू दिलं?'

इतकं स्वच्छ मराठी लिहिणारी त्या खोलीत एकच होती. देविका. बाईंचीच विद्यार्थिनी. बाकीची इंग्रजी शाळांतली. चिठ्ठी वाचली असती तर दुसऱ्या वाक्याला सगळ्यांनी ओळखलं असतं. देविकाचे वडील श्यामकांत मंडळीच्या पंच कमिटीवर. संध्याकाळपर्यंत बातमी लक्ष्मीबाई नगरात त्यांच्या दारात पोचली असती.

बाईंनी चिठ्ठी घडी करून बायबलात सरकवली. "ही कोरीच आहे," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या चिठ्ठीला हात घातला. साठीला आलेली बाई मांडीवर पवित्र शास्त्र ठेवून खोटं बोलली.

"बाई, ती कोरी नाही," देविका उभी राहिली. "माझी आहे." आणि तिनं चिठ्ठीतलं सगळं न अडखळता म्हणून दाखवलं.

"देविका, यार, तुला हे सांगायची काही जरूर नाही," उन्मेष हळूच म्हणाला.

"आहे. बाई माझ्यासाठी खोटं बोलल्या. ते मला नको."

तीस वर्षं बाई मुलांना धैर्याच्या गोष्टी सांगत आल्या होत्या, आणि इथे त्यांनीच शुद्धलेखन गिरवून घेतलेली बावीस वर्षांची पोर त्यांच्यापुढे उभी होती. चपला दारातच काढलेल्या होत्या, नाहीतर पवित्र भूमीवर पाऊल पडावं तशा त्यांनी त्या आत्ता काढल्या असत्या.

"मला उत्तर येत नाही," बाई म्हणाल्या. वर्गापुढे हे वाक्य त्यांनी जन्मात उच्चारलं नव्हतं. "पण सहा वर्षं काही मिळालं नाही, तरी तू रोज त्याच्याकडे जातेस. मी केव्हाच सोडलं असतं गं."

"सोडून जाऊ कुणाकडे, बाई? मला तोच एक ठाऊक आहे."

बाई खुर्चीवरून उतरून सतरंजीवर मुलांत बसल्या. "मग आज प्रार्थना तूच कर. आम्हा सगळ्यांसाठी."

देविकानं डोळे मिटले. तिनं पाळकांच्या तापासाठी मागितलं, बाबांसाठी मागितलं, त्या मुलीसाठी मागितलं. 'काढून घे' हे शब्द येतील म्हणून बाई जीव मुठीत धरून ऐकत होत्या. ते आले नाहीत.

आमेन झाल्यावर बाईंनी पिशवी उचलली. "चल, तुझ्या घरी जाऊ. बाबांशी तू बोल, मी शेजारी बसते. त्यांनी मला काही विचारलं, तर या वेळी खरं सांगेन."