गुलाबी दगडाचा चौक

नर्सरीच्या टीचरनं सांगितलं, घरात फक्त इंग्लिश बोला, पोरगी दोन भाषांत गोंधळतेय. सुमेधानं निमूट ऐकलं आणि झालं भलतंच. तिचं इंग्लिश पुस्तकी, अडखळतं. चार वर्षांची प्रतिमा नुसती तोंडाकडे बघत राहायची. हिवाळा सरला. शाळेत बोलते म्हणे. आईशी मात्र अवाक्षर नाही.

रविवारी देवानंदनं न्यू जर्सीहून गाडी काढली. न्यूयॉर्कला हडसन नदीकाठच्या टेकडीवर जुन्या मठाचे दगड आणून म्युझियम उभारलंय, इतिहासात एम.ए. केलेल्या बायकोला आवडेल, असा त्याचा हिशेब.

मठ फ्रान्समधल्या डोंगरातला. राज्यक्रांतीत तिथले बेनेडिक्टाइन पंथाचे ख्रिस्ती साधू पांगले, खांब-कमानी ज्यांनी त्यांनी उचलून नेल्या. पुढे एका शिल्पकारानं त्या शोधून बोटीतून इकडे आणल्या. मधे बाग, चहूबाजूंनी गुलाबी संगमरवराच्या ओवऱ्या. एका खांबाच्या माथ्यावर सिंह, दुसऱ्यावर उकिडवी माकडं, तिसरा अगदी कोरा. सुमेधाला औरंगाबादची लेणी आठवली. मधला मंडप, भोवती भिक्खूंच्या खोल्या, आणि चढून दमलेली तिची आई पायरीवर बसून भाकरीचं फडकं सोडतेय.

"लुक, लायन," ती म्हणाली.

प्रतिमानं सिंह पाहिला. मग माकडांकडे वळली.

शेजारी साधूंच्या बैठकीचं दालन होतं. वर एकमेकींत गुंतलेल्या कमानी, भिंतीलगत दगडी बाक. उंबऱ्याशी सुमेधा सवयीनं वाकली, स्वतःचे बूट काढले, प्रतिमाचे बूटमोजेही ओढले.

"अगं, विहार नाही हा, म्युझियम आहे!" देवानंद गोरामोरा झाला. "गार्ड बघतोय!"

तेवढ्यात प्रतिमा एक पाय वर घेऊन किंचाळली, "आई, थंड! पाय थंड!"

आवाज कमानींत घुमला. तिला गंमत वाटली. "थंड!" ती पुन्हा ओरडली, आणि बाकावर चढली. "आई, इथे कोण स्लीप करतं?"

"सुमेधा, टीचरनी काय सांगितलंय?"

"टीचरला उद्या मी बघते. तुम्ही बूट धरा." तिनं ते चिमुकले पाय ओंजळीत घेतले, चोळू लागली. "इथे कुणी झोपत नसे, बाळा. रोज सगळे इथे बसायचे, एकजण वाचून दाखवायचा. झोपायच्या दगडी खोल्या आपल्या गावाला आहेत, डोंगरात."

गार्ड जवळ आला. "शूज, प्लीज, मॅम."

"वन मिनिट," सुमेधा म्हणाली.

"आई, सांग ना," प्रतिमानं तिचा पदर ओढला, "डोंगरात कोण?"